६३/३७, ६०/४० की शिसेविरहित? रबाळ्याच्या कार्यशाळेतून सोल्डर तारांचे परीक्षण

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात कंट्रोल कार्डांची दुरुस्ती करणाऱ्या आमच्यासारख्या छोट्या कार्यशाळांना रोज लागणारी आणि तरीही सर्वांत कमी विचार करून घेतली जाणारी वस्तू म्हणजे सोल्डरची, म्हणजे वितळवून भाग जोडायच्या मिश्रधातूची, तार. सोल्डरिंग आयर्न घेताना आपण दहा जणांना विचारतो, मीटर घेताना माहितीपत्रक वाचतो, पण तार मात्र दुकानदार देईल ती, बावीस गेजची, हाताला लागेल त्या रिळाची. या परीक्षणासाठी ठाणे स्टेशन परिसर आणि नवी मुंबई येथील दुकानांत सहज मिळणारी ६३/३७, ६०/४० (कथिल आणि शिसे यांचे टक्के) आणि शिसेविरहित अशी रिळे, शिवाय मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे ‘१३८ ची’ म्हणून ओळखली जाणारी पेस्ट घेतली होती. कंपन्यांची आणि दुकानांची नावे मी देणार नाही, कारण एका रिळावरून संपूर्ण उत्पादनाविषयी निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. शिवाय या मालाची पारख ब्रँडवरून करण्यापेक्षा कोणत्या तापमानाला किती द्रव आणि किती घन असते हे दाखवणाऱ्या त्याच्या प्रावस्था आकृतीवरून, म्हणजे फेज डायग्रामवरून करावी, असे माझे ठाम मत आहे. ही आकृती धातुशास्त्राच्या परीक्षेपुरती पाठ करून विसरण्याची गोष्ट नसून तार विकत घेण्याआधी समोर ठेवण्याचा नकाशा आहे.

कथिल आणि शिसे यांची आकृती आधी नीट पाहू. आडव्या अक्षावर कथिलाचे वजनी प्रमाण, डावीकडे शून्य आणि उजवीकडे शंभर टक्के. उभ्या अक्षावर तापमान. डाव्या टोकाला शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, उजव्या टोकाला शुद्ध कथिल २३२ अंशांना. दोन्ही टोकांपासून मध्याकडे येताना वितळण्याच्या रेषा खाली उतरत जातात आणि ६१.९ टक्के कथिल असलेल्या बिंदूवर, १८३ अंशांना, एकमेकींना भेटतात. या बिंदूला युटेक्टिक बिंदू म्हणतात, आणि या प्रकारच्या मिश्रणांना हे नाव ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ फ्रेडरिक गथ्री यांनी १८८४ मध्ये दिले. उतरणाऱ्या रेषांच्या वर सर्व काही द्रव असते आणि १८३ च्या आडव्या रेषेखाली सर्व काही घन असते. या दोन रेषांच्या मधे, बिंदूच्या दोन्ही बाजूंना त्रिकोणासारखे जे पट्टे उरतात, तिथे द्रव आणि घन एकत्र नांदतात, म्हणजे सोल्डर तिथे धड वितळलेलेही नसते आणि धड गोठलेलेही नसते. आमच्या कामातले निम्मे दोष या पट्ट्यांत जन्म घेतात.

दोन धातू एकत्र आल्यावर मिश्रण दोघांपेक्षाही कमी तापमानाला का वितळावे, हा प्रश्न नव्या मुलांना हमखास पडतो. द्रव अवस्थेत कथिल आणि शिसे कोणत्याही प्रमाणात एकमेकांत मिसळतात. घन अवस्थेत मात्र दोघांच्या स्फटिकांना परका अणू फार सामावून घेता येत नाही. १८३ अंशांना शिशाच्या स्फटिकात सुमारे १८ ते १९ टक्के कथिल मावते, कथिलाच्या स्फटिकात शिसे जेमतेम दोन-अडीच टक्के. म्हणजे मिसळून राहण्याची सोय द्रवाकडे अधिक, आणि म्हणून मिश्रण अधिक खालच्या तापमानापर्यंत द्रव राहते. घरी पॉटचे आइस्क्रीम करताना बर्फात खडे मीठ टाकतात, ते याच तत्त्वावर: पाणी आणि मीठ यांचा युटेक्टिक बिंदू २३.३ टक्के मिठाला उणे २१ अंशांच्या आसपास आहे, आणि म्हणूनच त्या पॉटभोवतीचे खारे पाणी शून्याखाली जाऊनही गोठत नाही.

आता तारांकडे वळतो. रिळावरचा आकडा नेहमी कथिल आधी आणि शिसे नंतर असा वाचायचा असतो. ६३/३७ ही तार अचूक युटेक्टिक बिंदूच्या उजवीकडे टक्काभर सरकलेली आहे, पण तेवढ्या फरकाने वितळण्याची वरची मर्यादा फार तर दीड-एक अंशाने बदलते, त्यामुळे व्यवहारात ती युटेक्टिक मानायला काहीच हरकत नाही. ६०/४० बिंदूच्या डावीकडे येते. ती १८३ ला वितळू लागते आणि १९० च्या आसपास पूर्ण द्रव होते. ५०/५० चा पट्टा थेट २१५ अंशांच्या जवळ पोहोचतो. तिन्ही तारांचे रंग, चकाकी आणि वजन हाताला सारखेच वाटतात आणि दुकानाच्या काउंटरवर त्यांच्यातला फरक कोणालाही सांगता येणार नाही. तो थंड होताना दिसतो.

तो दिसावा म्हणून प्रत्येक तारेचे थंड होणे मोजले. तारेतील रोझिन फ्लक्स (धातूचा पृष्ठभाग साफ करणारी राळ) आधी वितळवून वरची मळी काढून टाकली, सुमारे शंभर ग्रॅम धातू एका लहान स्टीलच्या भांड्यात पूर्ण वितळवला, भांड्याभोवती सिरॅमिक वूल गुंडाळले, बारीक आवरणातील के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारा संवेदक) मधोमध बुडवला आणि तापमान नोंदणी यंत्रावर सोडून दिले. (हे भांडे पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये, एक्झॉस्ट पंखा चालू असावा आणि काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत, शिशाच्या बाबतीत यात कोणतीही सवलत नाही.) ६३/३७ चा आलेख एका सरळ उतारावर खाली आला, १८३ च्या किंचित खाली डोकावला, क्षणात पुन्हा वर चढला आणि तिथे थबकला. भांड्यातला धातू हळूहळू कडांपासून आत गोठत होता, पण आकडा हलत नव्हता. शेवटचा थेंब घट्ट झाल्यावरच तापमान पुन्हा खाली जाऊ लागले. गिब्ज यांचा प्रावस्था नियम कागदावर जे सांगतो ते असे डोळ्यांसमोर घडते: स्थिर दाबाखाली दोन घटक आणि द्रव, शिसेप्रधान घन व कथिलप्रधान घन अशा तीन प्रावस्था एकत्र असतील, तर बदलण्याचे स्वातंत्र्य शून्य उरते. यातली एक प्रावस्था संपेपर्यंत तापमानाला हलण्याची मुभाच नसते.

६०/४० चा आलेख वेगळा होता, पण तो वेगळेपणा शोधावा लागला. १९० च्या अलीकडे उतार किंचित सौम्य झाला, कारण तिथे शिसेप्रधान स्फटिक सुटे होऊ लागले आणि त्यांची उष्णता बाहेर पडू लागली; मग १८३ ला नेहमीचा थांबा आला. हा फरक एवढा पुसट का, याचे उत्तर तरफेच्या नियमात, म्हणजे लिव्हर रूलमध्ये आहे. युटेक्टिकच्या जरा वर किती घन आणि किती द्रव आहे हे आकृतीवरच्या आडव्या रेषेच्या लांबीवरून काढता येते: ६१.९ मधून ६० वजा केले तर १.९, आणि ६१.९ मधून १८.३ वजा केले तर ४३.६, या दोहोंचे गुणोत्तर साधारण चार टक्के येते. म्हणजे ६०/४० मध्ये शंभरातले जेमतेम चार-साडेचार भाग आधी गोठतात आणि उरलेले सर्व युटेक्टिक म्हणून एकदम गोठते. हेच गणित ५०/५० साठी केले तर २७ टक्के येते आणि ४०/६० साठी तब्बल निम्मे.

या आकड्यांवरून माझे मत सांगतो. साध्या थ्रू-होल (छिद्रांत पिना घालून जोडायच्या) कार्डावर, हात स्थिर असेल तर, ६०/४० आणि ६३/३७ यांत जाणवण्याजोगा फरक नाही. लहान सांध्यात ते सहा-सात अंश डोळ्याची पापणी लवण्याआधी ओलांडले जातात. फरक पडतो तो जिथे सांधा सावकाश थंड होतो तिथे. जाड ग्राउंड प्लेन (कार्डावरचा तांब्याचा रुंद थर), मोठा ट्रान्सफॉर्मर, रिलेच्या जाड पिना किंवा पॉवर टर्मिनल अशा ठिकाणी धातू कित्येक सेकंद लगदा अवस्थेत राहतो, आणि तेवढ्यात वायर हलली किंवा चिमटा सुटला की सांध्याच्या आत बारीक भेगा राहतात. वरून तो मंद, खरबरीत दिसतो. आमच्याकडे सर्वच वाईट सांध्यांना ड्राय सोल्डर म्हणण्याची पद्धत आहे, पण हा दोष उष्णता कमी पडल्याचा नसून गोठताना हलल्याचा असतो. ६३/३७ मध्ये लगदा अवस्थाच नसल्यामुळे ही जोखीम खूप कमी होते. म्हणून बारीक पिनांच्या आयसी, कनेक्टर आणि एका हाताने धरून दुसऱ्या हाताने करावी लागणारी सर्व कामे यांसाठी ६३/३७ घ्यावी, हे मी निःशंकपणे सांगतो. केबलच्या टोकांना कथिल चढवण्यासाठी ६०/४० पुरेशी आहे. लगदा अवस्था हा नेहमी दोषच असतो असेही नाही: शिशाचे नळ जोडणारे जुने कारागीर मुद्दाम ३०-३५ टक्के कथिलाचे सोल्डर वापरत, कारण घट्ट होत जाणारा तो लगदा कापडाने पुसून सांध्याभोवती आकार देता येत असे.

सर्वांत अस्वस्थ करणारा निकाल स्वस्तात मिळालेल्या एका रिळाचा लागला. वेष्टनावर ६३/३७ छापलेले होते. आलेखावर मात्र २०० अंशांच्या जरा वर उताराला स्पष्ट, न चुकणारा बाक आला, आणि १८३ चा थांबा पहिल्या तारेच्या मानाने लवकर संपला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुस्ताव्ह टामान या संशोधकाने थांब्याच्या कालावधीवरून युटेक्टिकचा वाटा मोजण्याची पद्धत रूढ केली. तेवढाच धातू आणि तीच परिस्थिती असेल तर थांबा जितका लहान, तितके युटेक्टिक कमी. आकृतीवर २०० च्या जरा वर आडवी रेषा ओढली तर ती डावीकडे सुमारे ५५ टक्के कथिलाला भेटते. ती उजवीकडच्या रेषेलाही भेटते, त्यामुळे केवळ या बाकावरून कथिल कमी आहे की जास्त हे ठरत नाही. म्हणून घनता मोजली. कथिल जास्त असते तर ती दर घन सेंटिमीटरला ८ ग्रॅमच्या आत आली असती, प्रत्यक्षात ८.७ च्या जवळ आली. म्हणजे शिसेच जास्त. तरफेच्या नियमाने अशा तारेतला सुमारे १६ टक्के भाग लगद्यात वेगळा गोठतो, आणि ती तार बारीक पिनांवर वापरणाऱ्या माणसाला आपला हात का बिघडला आहे हे कळणारही नाही. कथिल शिशापेक्षा कित्येक पटींनी महाग असल्यामुळे ही तफावत कोणाच्या खिशात जाते हे वेगळे सांगायला नको. घाऊक खरेदी करणाऱ्यांनी बॅच क्रमांक असलेले रासायनिक चाचणीचे प्रमाणपत्र मागावे. ते देण्याची ज्यांची तयारी नाही त्यांच्याकडून मी तार घेणे बंद केले आहे.

या दोन तारांचे तुकडे घासून, चकचकीत करून एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील धातुशास्त्रीय सूक्ष्मदर्शकाखालीही पाहिले. चांगल्या ६३/३७ मध्ये शिशाचे काळसर आणि कथिलाचे उजळ पापुद्रे एकाआड एक, काही ठिकाणी नांगरलेल्या शेतासारखे समांतर तर काही ठिकाणी वळणे घेत गेलेले दिसतात. १८३ अंशांना दोन्ही घन एकाच वेळी, एकमेकांच्या शेजारी वाढले याचा तो पुरावा आहे. शंकास्पद तारेत याच पापुद्र्यांच्या मधे शिशाची मोठी, फांद्या फुटलेली काळी बेटे होती, जी आधी गोठली होती. ज्यांना अशी संधी मिळेल त्यांनी ती जरूर घ्यावी, कारण आकृतीतला त्रिकोणी पट्टा आणि धातूमधले ते काळे बेट एकच गोष्ट आहे हे एकदा पाहिले की आकृती वाचणे कायमचे सोपे होते.

टिकाऊपणाविषयी एक मुद्दा येथेच मांडतो, कारण त्याची चर्चा होत नाही. आपल्याकडच्या ३० अंशांच्या खोलीत धातूचे निरपेक्ष तापमान ३०३ केल्विन असते आणि या मिश्रधातूचे वितळणे ४५६ केल्विनला होते. म्हणजे साधे खोलीचे तापमानही त्याच्या वितळणबिंदूच्या ६६ टक्के आहे. पोलादाला या पातळीवर नेले तर ते भट्टीत लालभडक झालेले असेल. त्यामुळे पापुद्रे वर्षानुवर्षे जाड होत जातात, शिशात अडकलेले कथिल बाहेर पडत राहते, आणि सततच्या भाराखाली सांधा हळूहळू सरकतो. कारखान्यातील पॅनेलच्या आत उकाडा अधिक असतो, मशिन सुरू-बंद होताना तापमान चढते-उतरते, आणि मग जड घटकांच्या पिनांभोवती ती ओळखीची गोल भेग पडते. तार कोणतीही असो, जड घटकाला यांत्रिक आधार वेगळा द्यावा; सोल्डरने विजेची जोडणी करावी, वजन पेलण्याचे काम त्याच्यावर टाकू नये.

शिसेविरहित तारेबद्दल आपल्या भागात बरेच पूर्वग्रह आहेत. युरोपीय संघाचे निर्बंध १ जुलै २००६ पासून लागू झाले, भारतात ई-कचरा नियम १ मे २०१२ पासून अमलात आले, आणि दोन्हीकडे शिशाची मर्यादा वजनाने ०.१ टक्का आहे. म्हणून नवे उत्पादन करणाऱ्या बहुतेकांना या तारेकडे वळावेच लागते. बाजारात दोन प्रकार दिसतात: ९९.३ टक्के कथिल आणि ०.७ टक्के तांबे असलेली, जी २२७ अंशांची युटेक्टिक आहे; आणि ३ टक्के चांदी व ०.५ टक्का तांबे असलेली एसएसी-३०५, जी २१७ ते २२० अंशांत वितळते. दुसरी तार त्रिघटकी युटेक्टिकच्या अगदी जवळ आहे, पण नेमकी त्या बिंदूवर नाही. तिच्या आलेखात पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे अतिशीतलन: तापमान २१७ च्या बरेच खाली गेले तरी धातू द्रवच राहिला आणि मग एकाएकी गोठू लागताच आकडा उसळून वर आला. कथिलाच्या स्फटिकाला सुरुवात करणे जड जाते, म्हणून हे घडते, आणि आकृती हे दाखवत नाही. आकृती समतोलाची असते, तिच्यात वेळेचा अक्ष नसतो. ही मर्यादा ध्यानात ठेवूनच ती वाचली पाहिजे.

या तारेचा चांगला सांधाही थोडा मंद आणि दाणेदार दिसतो, कारण त्यात कथिलाच्या शाखा आधी गोठतात. चकाकीवरून सांधा पास-नापास करणाऱ्या तपासनिसाला त्यामुळे सगळीच कार्डे सदोष वाटू लागतात. सांध्याची कड पॅडवर (कार्डावरच्या तांब्याच्या ठिपक्यावर) कशी पसरली आहे, कोन किती लहान आहे, हे पाहायला त्याला नव्याने शिकवावे लागते. बिटचे, म्हणजे आयर्नच्या टोकाचे, तापमान ३५० अंशांच्या पुढे न्यावे लागते आणि जवळजवळ शुद्ध कथिल बिटच्या लोखंडी मुलाम्याला लवकर खाते, त्यामुळे बिटचा खर्च धरूनच या तारेची किंमत मोजावी. तरीही नव्या कामासाठी मी हिचीच शिफारस करतो. आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते: आमच्याकडच्या अनेक तक्रारी मिश्रधातूच्या नसून तारेच्या पोटातल्या फ्लक्सच्या असतात. पावसाळ्यात, खाडीचा दमट वारा आणि रासायनिक पट्ट्याची हवा लागलेल्या काळपट टर्मिनलवर मवाळ रोझिन पुरत नाही आणि दोष विनाकारण तारेच्या माथी जातो. टर्मिनल आधी साफ करावे, मग मत बनवावे.

दुरुस्तीच्या कामात मात्र शिसे आणि शिसेविरहित यांची सरमिसळ टाळावी. एसएसी सांध्यावर ६३/३७ ओतली की जे बनते ते दोन्हीपैकी कोणत्याच आकृतीत नसते. कथिल, शिसे आणि चांदी यांचा त्रिघटकी युटेक्टिक १७९ अंशांना आहे, आणि सांध्याचा काही भाग तिथपासूनच वितळू लागतो. जुना सोल्डर ‘विक’ने (तो शोषून घेणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) पूर्ण उचलून घ्यावा, हाच यावर उपाय.

शेवटी १३८ ची पेस्ट. हिच्यात ४२ टक्के कथिल आणि ५८ टक्के बिस्मथ असते, ती स्वतः युटेक्टिक आहे, १३८-१३९ अंशांना एकदम वितळते आणि उष्णतेला नाजूक असलेले घटक बसवण्यासाठी खरोखर उत्तम आहे. सांधे जरा ठिसूळ असतात, एवढीच तिची उणीव. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांतून ती आता पॉवर सप्लायच्या आणि इन्व्हर्टरच्या जुन्या कार्डांवरही पोहोचली आहे, आणि येथे मला ठाम विरोध नोंदवायचा आहे. जुन्या कार्डाच्या पॅडवर आणि पिनांवर शिशाचा थर असतो. कथिल, शिसे आणि बिस्मथ हे तिघे एकत्र आले की त्यांचा युटेक्टिक बिंदू ९६ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे उकळत्या पाण्याच्याही खाली. बंद पेटीतला तापलेला मॉस्फेट किंवा रेग्युलेटर एवढे तापमान सहज गाठतो. दुरुस्तीनंतर टेबलावर व्यवस्थित चाललेले कार्ड ग्राहकाच्या कारखान्यात भर दुपारी का बंद पडले, हे शोधताना सांध्यात राहून गेलेल्या या तिसऱ्या धातूचा विचार सहसा कोणी करत नाही. आमच्या कार्यशाळेत ही पेस्ट वेगळ्या कपाटात ठेवली जाते, तिच्यासाठी बिट आणि विक स्वतंत्र आहेत, आणि शिशाचे सोल्डर असलेल्या कार्डाला ती लावायची नाही असा नियम आहे.